एमएसवरचं औषध निवडताना : शेजारणीचा अनुभव, जाहिरातीतला टक्का आणि हजारो रुग्णांची नोंदवही

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी गेल्या वर्षी अम्मी-अब्बांसोबत आमच्या घरी आली. वय चोवीस, बी.कॉम. झालेली, मंगनी ठरलेली. हातात एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी. आधी तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घरच्यांनी चष्मा बदलून घेतला. महिन्याभरात नजर आपोआप सुधारली आणि सगळे विसरून गेले. पुढच्या वर्षी डावा पाय जड झाला, जिना चढताना अडखळू लागला. मग न्यूरोलॉजिस्टने एमआरआय काढायला लावला आणि आजाराचं नाव सांगितलं : मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस.

डॉक्टरांनी एका कागदावर तीन औषधांची नावं लिहून दिली होती. एक घरी टोचून घ्यायचं इंजेक्शन, एक रोजची गोळी आणि एक सहा महिन्यांनी सलाईनमधून द्यायचं औषध. "घरी बोला, खर्चाचं बघा आणि पुढच्या आठवड्यात या," असं त्यांनी सांगितलं. घरी बोलणं झालं, पण ते असं : खालाच्या ओळखीतल्या एका बाईला इंजेक्शनने पूर्ण आराम पडला होता. मामूंनी मोबाईलवर एका गोळीची जाहिरात दाखवली, तिच्यात मोठा टक्का लिहिलेला होता. फुप्पींचं म्हणणं, या इंग्रजी दवा सोडा, आमच्या हकीमसाहेबांच्या चूर्णाने एकीचा पाय पंधरा दिवसांत सुटला. अब्बा म्हणाले, "सर, तुम्ही सायन्स शिकवता. या तिघांपैकी कोणती दवा खरोखर काम करते, तेवढं सांगा."

आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणं आमचं काम नव्हे, हे आम्ही आधीच स्पष्ट केलं. पण "खरोखर काम करते" हे ठरवतात कसं, हा प्रश्न आमच्या विषयातला होता. त्यासाठी आम्ही बरंच वाचलं, ओळखीच्या न्यूरोलॉजिस्टना प्रश्न विचारून सतावलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडत आहोत. आपल्या समाजात या आजारावर उघड बोललं जात नाही, आणि न बोलण्याची किंमत बहुतेक वेळा मुलींनाच मोजावी लागते.

आजार काय आहे

विजेच्या तारेवर जसं रबरी आवरण असतं, तसं आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरही एक आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून या आवरणावरच हल्ला करते. ज्या जागी हल्ला होतो त्याप्रमाणे लक्षणं दिसतात. डोळ्याच्या नसेवर झाला तर नजर धूसर, कण्यात झाला तर पाय जड, हाताला मुंग्या, लघवीवर ताबा राहत नाही. प्रचंड थकवा हे तर नेहमीचं. हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो. तो संसर्गाने पसरत नाही. कुणाच्या नजरेने किंवा करणीनेही होत नाही.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत सुरुवातीला हा आजार ये-जा करणारा असतो. अटॅक येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो, मग पूर्ण किंवा बराचसा ओसरतो. मध्ये महिनोन्‌महिने, कधी वर्षभर काहीच होत नाही. पण प्रत्येक अटॅक मागे थोडं नुकसान ठेवून जाऊ शकतो. पुढे काही वर्षांनी अनेकांत आजार दुसऱ्या टप्प्यात जातो. मग अटॅक येवो न येवो, अपंगत्व हळूहळू वाढतच राहतं. म्हणून या औषधांचा खरा हेतू आजचा पाय बरा करणं हा नसतो. अटॅक आल्यावर तीन ते पाच दिवस जे स्टेरॉइडचं सलाईन देतात, ते त्या अटॅकपुरतं असतं. आपण ज्या औषधांची तुलना करणार आहोत, ती पुढचे अटॅक आणि पुढचं अपंगत्व टाळण्यासाठी असतात.

हे कळलं की फुप्पींच्या चूर्णाचाही उलगडा होतो. माणूस इलाज शोधायला बाहेर पडतो तो अटॅक भरात असताना. त्यानंतर पंधरा दिवसांनी, महिन्याने त्याला बरं वाटणार असतंच, कारण आजाराचा स्वभावच तसा आहे. त्या दिवसांत चूर्ण घेतलं तर श्रेय चूर्णाला, तावीज बांधला तर तावीजला, खालाच्या ओळखीतल्या बाईसारखं इंजेक्शन घेतलं तर इंजेक्शनला. या लोकांची नियत साफ असते, अनुभवही खरा असतो. पण एका माणसाच्या अनुभवावरून एमएसचं कोणतंही औषध चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही.

जाहिरातीतला टक्का

मग मामूंचा टक्का? तो हवेतला नसतो. नवीन औषध बाजारात येण्याआधी त्याची चाचणी होते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं औषध किंवा औषध नसलेली दिसायला सारखी गोळी. कुणाला काय मिळालं हे शक्यतो रुग्णालाही कळू देत नाहीत. दोन वर्षांनी अटॅक मोजतात. औषध काम करतं की नाही हे ठरवण्याची यापेक्षा भक्कम पद्धत नाही.

एमएसवर असं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालं. १९९६ मध्ये ग्लॅटिरामर आलं. ही दोन्ही टोचून घ्यायची. २००४ साली नटालिझुमॅब हे सलाईनमधून देण्याचं जोरदार औषध आलं, २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही पहिली गोळी. नंतर टेरिफ्लुनोमाइड, डायमिथाइल फ्युमरेट, अलेमटुझुमॅब, क्लॅड्रिबिन आणि २०१७ साली ऑक्रेलिझुमॅब. तीस वर्षांपूर्वी हात चोळत बसावं लागायचं, आज औषधांचीच गर्दी झाली आहे. म्हणून निवडीचा प्रश्न उभा राहतो.

आता गंमत पाहा. नटालिझुमॅबच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्या शंभर रुग्णांमागे वर्षाला सुमारे २३ अटॅक आले. फिंगोलिमॉडच्या २०१० सालच्या चाचणीत शंभरामागे १८. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, गोळीच भारी. पण थांबा. ज्यांना औषध मिळालं नव्हतं त्यांचे आकडे बघा. पहिल्या चाचणीत त्यांना शंभरामागे ७३ अटॅक आले, दुसरीत ४०. म्हणजे दोन्ही चाचण्यांतले रुग्ण मुळात सारखे नव्हते. पहिल्या चाचणीतल्यांचा आजार जास्त भडकलेला होता. ७३ वरून २३ आणि ४० वरून १८ यांची थेट तुलना करता येत नाही. एका मुलाने बोर्डाच्या कठीण पेपरात ६५ मिळवले, दुसऱ्याने शाळेच्या सोप्या चाचणीत ७०. दुसरा हुशार, असं कुठला शिक्षक म्हणेल?

खरं तर दोन्ही औषधं एकाच चाचणीत समोरासमोर लढवायला हवीत. पण औषधं इतकी आणि जोड्या इतक्या की तशा चाचण्या थोड्याच होतात. शिवाय चाचणीत घेतात ते साधारण १८ ते ५५ वयाचे, दुसरा मोठा आजार नसलेले, गर्भवती नसलेले रुग्ण. दोन वर्षं त्यांची खडतर देखरेख होते. आपल्या घरात मात्र रुग्णाला शुगर असते, डोस चुकतात, गावाहून शहरात यायला एसटी मिळत नाही आणि आजार तीस-चाळीस वर्षं सोबत राहतो. म्हणून चाचणीनंतरही पाहावं लागतं की औषध खऱ्या जगात कसं उतरतं.

दोन शाळांचा निकाल

त्यासाठी जगात मोठ्या नोंदवह्या ठेवल्या जातात. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये एमएसची राष्ट्रीय नोंदवही आहे. एमएसबेस नावाची आंतरराष्ट्रीय नोंदवही २००४ सालापासून चालते आणि तिचं काम ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून पाहिलं जातं. अनेक देशांतले डॉक्टर आपल्या रुग्णांची नावं वगळून माहिती तिच्यात भरतात : औषध कधी सुरू झालं, अटॅक किती आले, चालणं किती बिघडलं, औषध का बंद केलं.

पण नोंदवही उघडून सरळ सरासरी काढली तर फसगत होते. आमच्या पेशातलं उदाहरण घ्या. एका शाळेचा दहावीचा निकाल ९८ टक्के, दुसरीचा ७५. पहिली शाळा चांगली? ती प्रवेशच निवडून देत असेल, आणि दुसरी वस्तीतल्या प्रत्येक मुलाला दारात उभं करत असेल, तर निकालावरून शिक्षकांची मेहनत कळत नाही. औषधांचंही तसंच. डॉक्टर जोरदार औषध देतात ते आजार जास्त भडकलेल्या रुग्णाला आणि सौम्य औषध देतात ते सौम्य आजाराच्या रुग्णाला. सरळ सरासरी काढली तर चांगलं औषधही नापास दिसेल, कारण त्याच्या वाट्याला अवघड विद्यार्थी आले.

यावर संशोधकांनी उपाय काढला तो जोड्या लावण्याचा. एक औषध घेणारी तीस वर्षांची स्त्री, आजार पाच वर्षांचा, गेल्या वर्षात दोन अटॅक, चालणं अमुक इतकं बिघडलेलं. तिच्याशी शक्य तितकी मिळतीजुळती, पण दुसरं औषध घेणारी स्त्री नोंदवहीतून शोधायची. अशा शेकडो जोड्या लावायच्या आणि मगच तुलना करायची. सातवीत सारखे गुण असलेली, सारख्या घरची मुलं दोन्ही शाळांतून निवडून मग दहावीचा निकाल पाहावा, तसं. ही पद्धतही परिपूर्ण नाही. जे नोंदवहीत लिहिलेलंच नाही, उदाहरणार्थ घरची परिस्थिती, त्याची जोडी लावता येत नाही. तरी सरळ सरासरीपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक.

जोड्या लावल्यावर काय दिसलं

एमएसबेसमधल्या पाचशेहून अधिक रुग्णांची अशी तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामर चालू असतानाही ज्यांना अटॅक येत होते आणि म्हणून औषध बदलावं लागलं, असे हे रुग्ण. नटालिझुमॅबवर गेलेल्यांचे अटॅक शंभरामागे वर्षाला १५० वरून २० वर आले. फिंगोलिमॉडवर गेलेल्यांचे १३० वरून ४० वर. म्हणजे दोन्हींनी मोठा फायदा दिला, पण नटालिझुमॅबवर अटॅक निम्मे राहिले. मघाशी जाहिरातीतल्या आकड्यांवरून गोळी भारी वाटत होती. सारख्या रुग्णांत तुलना केल्यावर क्रम उलटा झाला.

अटॅक मोजणं एक झालं. घरच्यांना खरी चिंता असते ती पंधरा वर्षांनी मुलगी आपल्या पायांवर चालेल का याची. त्याबद्दल २०१९ साली एक महत्त्वाचं संशोधन आलं, त्यात २१ देशांतले १५५५ रुग्ण होते. ज्यांचा इलाज सुरुवातीपासून फिंगोलिमॉड, नटालिझुमॅब किंवा अलेमटुझुमॅब यांनी झाला, त्यांच्यापैकी पाच वर्षांत ७ टक्के रुग्ण आजाराच्या त्या दुसऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या टप्प्यात गेले. ज्यांची सुरुवात इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामरने झाली, त्यांच्यापैकी १२ टक्के गेले. शंभरात पाच जणांचा फरक. ऐकायला लहान, पण त्या पाचांत आपली मुलगी असेल तर?

२०२० साली एमएसबेस आणि स्वीडनची नोंदवही एकत्र करून वेळेचा प्रश्न तपासला गेला. अपंगत्व मोजायची एक पट्टी आहे, शून्य ते दहा. शून्य म्हणजे तपासणीत काही बिघाड नाही, सहा म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागते. जोरदार औषध आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मिळालेल्यांची सरासरी सहाव्या वर्षी २.२ होती. तेच औषध चार ते सहा वर्षांनी मिळालेल्यांची २.९. दहाव्या वर्षी हे अंतर २.३ आणि ३.५ इतकं वाढलं. उशिरा का होईना औषध तेच मिळालं होतं, पण मधली वर्षं भरून निघाली नाहीत.

शेजारचे दोन देश

आम्हाला सर्वात पटलेलं संशोधन स्वीडन आणि डेन्मार्कचं. दोन्ही देश शेजारी, लोक सारखे, इलाजाचा खर्च दोन्हीकडे सरकार उचलतं, नोंदवह्या दोन्हीकडे उत्तम. फरक होता तो धोरणात. डेन्मार्कमध्ये आधी सौम्य औषध, ते चाललं नाही तर जोरदार, अशी पायरी-पायरीची पद्धत. तिथे पहिलंच औषध जोरदार मिळणारे रुग्ण शंभरात सात-आठ. स्वीडनमध्ये ते सुमारे एक तृतीयांश होते. म्हणजे कुणाला काय मिळणार, हे बऱ्याच अंशी आजार किती भडकला यावर नव्हे तर माणूस कोणत्या देशात राहतो यावर ठरत होतं. शाळांच्या भाषेत, मुलं सारखी आणि शिकवण्याची पद्धत वेगळी.

२०१३ ते २०१६ या काळात इलाज सुरू केलेल्या ४८६१ रुग्णांची ही तुलना २०२१ साली प्रसिद्ध झाली. अपंगत्व वाढण्याचं प्रमाण स्वीडनच्या रुग्णांत २९ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे "आधी हलकं देऊन बघू, नाही जमलं तर पुढचं" हा आपल्याला समजूतदार वाटणारा विचार या आजारात महाग पडू शकतो. तरी नोंदवहीतला फरक ही अंतिम साक्ष मानत नाहीत. म्हणून याच प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्याही हाती घेतल्या गेल्या आहेत.

रिटक्सिमॅब : आपल्या खिशाशी जोडलेली गोष्ट

मुलीच्या कागदावरचं तिसरं नाव रिटक्सिमॅब होतं. तिच्या अब्बांनी नेटवर शोधलं तर "कॅन्सरचं औषध" असं दिसलं आणि घरात रडारड झाली. झालं असं, की हे औषध मूळचं रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी आणि सांधेदुखीच्या एका आजारासाठी मंजूर आहे. ते रक्तातल्या बी नावाच्या पेशी कमी करतं, आणि एमएसच्या हल्ल्यात याच पेशींचा हात असतो. २००८ साली एमएसच्या १०४ रुग्णांवर त्याची लहान चाचणी यशस्वी झाली. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या त्या त्याच्याच जातीच्या नव्या औषधाच्या, ऑक्रेलिझुमॅबच्या. रिटक्सिमॅबवर एमएसचं नाव अधिकृतपणे चढलंच नाही. तरी स्वीडनच्या डॉक्टरांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली.

त्या नोंदींनी जगाला बरंच शिकवलं. २०१६ सालच्या अभ्यासात नटालिझुमॅब बंद करावं लागलेले २५६ रुग्ण होते. दीड वर्षात फिंगोलिमॉड घेणाऱ्यांपैकी १७.६ टक्क्यांना अटॅक आला, रिटक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी १.८ टक्क्यांना. मग तिथेच चिठ्ठ्या टाकून खरी चाचणी झाली आणि २०२२ साली तिचा निकाल आला. दोन वर्षांत डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्या ९७ पैकी १६ जणांना अटॅक आला, रिटक्सिमॅब घेणाऱ्या ९८ पैकी फक्त तिघांना. नोंदवहीने दिलेला इशारा चाचणीतही खरा ठरला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ साली एमएसबेस आणि डेन्मार्कच्या नोंदींवरून रिटक्सिमॅबची तुलना ऑक्रेलिझुमॅबशी झाली. अटॅक शंभरामागे वर्षाला रिटक्सिमॅबवर २० आणि ऑक्रेलिझुमॅबवर ९ निघाले. अपंगत्व वाढण्यात मात्र फरक दिसला नाही. जोड्या लावल्यावर रिटक्सिमॅबचे रुग्ण दोनशेही उरले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. महागडं औषध परवडत असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. पण ज्या घराला ते परवडत नाही, त्याने निराश होऊन काहीच न घेणं हा सर्वात वाईट पर्याय आहे.

कारण रिटक्सिमॅब आपल्या देशात तयार होतं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ सालीच त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि नंतर इतरांनीही. त्यामुळे ते बाकीच्या जोरदार औषधांपेक्षा खूप स्वस्त पडतं आणि आपल्याकडचे न्यूरोलॉजिस्ट एमएससाठी ते सर्रास वापरतात. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घेतली. ती तीन आहेत : ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटक्सिमॅब. "कॅन्सरचं औषध" म्हणून घाबरलेल्या त्या घराला आम्ही ही गोष्ट दोनदा सांगितली.

जोरदार औषधाचे धोके

जे औषध रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालतं, ते संसर्गाला वाटही देऊ शकतं. नटालिझुमॅब बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते तोच, फेब्रुवारी २००५ मध्ये ते थांबवावं लागलं, कारण काही रुग्णांना मेंदूचा एक दुर्मिळ, जीवघेणा संसर्ग झाला. २००६ साली ते कडक नियमांसह परत आलं. हा संसर्ग जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो, म्हणून आता आधी रक्त तपासून धोका पाहतात. रिटक्सिमॅब आणि ऑक्रेलिझुमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं आवश्यक आहे, कारण दबून बसलेला विषाणू उसळू शकतो. आपल्या देशात टीबीची तपासणीही डॉक्टर करून घेतात. लसी शक्यतो आधी उरकतात. फिंगोलिमॉडचा पहिला डोस देताना काही तास हृदयाचे ठोके पाहावे लागतात. अलेमटुझुमॅबने थायरॉइडचे त्रास होऊ शकतात. इंटरफेरॉनने इंजेक्शननंतर ताप-अंगदुखी होते, पण त्याचा आणि ग्लॅटिरामरचा अनुभव तीस वर्षांचा आहे आणि गंभीर धोके कमी. सौम्य आजाराच्या किंवा लवकरच मूल हवं असलेल्या रुग्णाला डॉक्टर याच कारणाने आजही ती देतात.

आणखी एक मर्यादा. या सगळ्या तुलना मुख्यतः ये-जा करणाऱ्या एमएसच्या आहेत. सुरुवातीपासून हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात फायदा मर्यादित असतो. वय वाढतं तसा औषधांचा उपयोगही कमी होत जातो.

आपल्या घरातलं वास्तव

कागदावर पहिलं आलेलं औषध घरात वेळेवर घेतलं गेलं नाही, तर शेवटचं येतं. बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. फिंगोलिमॉड आणि नटालिझुमॅब अचानक सोडल्यावर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळल्याचे अनुभव नोंदलेले आहेत.

रमजानचा प्रश्न हमखास येतो. डायमिथाइल फ्युमरेट दिवसातून दोनदा खाण्यासोबत घेतात, ते सहरी आणि इफ्तारला बसू शकतं. सहा महिन्यांनी सलाईन घेणाऱ्याला रोजच्या गोळीची अडचणच नाही. इराणमध्ये हा आजार भारतापेक्षा बराच जास्त आहे. तिथल्या इस्फहानच्या डॉक्टरांनी सौम्य अपंगत्व असलेल्या रुग्णांचा २००९ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास आहे. त्यात रोजे ठेवणाऱ्यांत आणि न ठेवणाऱ्यांत थोड्या काळापुरता तरी फरक दिसला नाही. पण ज्याचा आजार भडकलेला आहे, ज्याला उष्णतेने त्रास वाढतो, त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे. ती घेताना शरमायचं कारण नाही.

निकाह आणि मूल हा त्याहून नाजूक विषय. एमएस असलेल्या स्त्रिया आई होऊ शकतात आणि होतात. पण टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमॉड गर्भासाठी घातक ठरू शकतात, म्हणून औषध निवडतानाच हे बोललं पाहिजे. अम्मीसमोर किंवा अब्बांसमोर मुलगी हे विचारू शकत नसेल, तर तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

डॉक्टरांना काय विचारायचं

त्या कुटुंबाला आम्ही औषध सांगितलं नाही, प्रश्न लिहून दिले. माझा आजार कोणत्या प्रकारचा आणि किती भडकलेला आहे? माझ्यासारख्या रुग्णांत या तीन औषधांची तुलना काय सांगते? सौम्य औषधाने सुरुवात केली तर ते चालत नाही हे किती दिवसांत आणि कशावरून ठरवणार? सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या, कोणत्या लसी? मूल हवं असेल तर काय? वर्षाचा खर्च औषध, तपासण्या आणि एमआरआय धरून किती? पुढचा एमआरआय कधी?

सोबत दोन गोष्टी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे. ठरावीक प्रमाणात अपंगत्व असल्यास सरकारी प्रमाणपत्र मिळू शकतं. आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते. तिथे इतर रुग्ण भेटतात, माहिती मिळते.

ती मुलगी प्रश्नांचा कागद घेऊन गेली. डॉक्टरांनी, तिच्या अब्बांच्या म्हणण्याप्रमाणे, पाऊण तास दिला. हिपॅटायटिस आणि टीबीची तपासणी झाली, मग रिटक्सिमॅबचं पहिलं सलाईन. दुसरंही झालं आहे. या काळात अटॅक आलेला नाही. पण एका मुलीच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हे वर आम्हीच लिहिलं आहे. डावा पाय अजून जिन्यावर थोडा अडखळतो. मंगनीवाल्या घरी तिच्या अम्मीने स्वतः जाऊन आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे.

फुप्पी अजूनही चूर्णाची आठवण काढतात. मुलगी त्यांना म्हणते, "फुप्पी, दुआ करा. सलाईनची तारीख मी लिहून ठेवली आहे."